पाड्यापर्यंतची आरोग्यसेवा: खान्देशातल्या गाव आरोग्य समित्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या गाव आरोग्य समितीचे सदस्य, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत सदस्यांसाठी आहेत. सातपुड्यातल्या पाड्यांचा उल्लेख वारंवार येईल, कारण सेवा तिथेच सगळ्यात उशिरा पोहोचते. तापीकाठच्या मोठ्या गावांनाही यातलं बरंच लागू पडतं. त्यांच्या हद्दीतही एखादी वस्ती नेहमी सुटते.

दवाखाना चालवणं सरकारचं काम. त्यात गावकऱ्यांनी काय करायचं?

दवाखाना सरकारनेच चालवायचा आहे, त्यात सूट नाही. पण तो कोणासाठी, कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी चालतो हे ठरवताना लोक हजर असले पाहिजेत. ही मागणी नवी नाही. ६ ते १२ सप्टेंबर १९७८ या काळात सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात १३४ देशांचे प्रतिनिधी जमले होते. तिथल्या जाहीरनाम्याचं चौथं कलम सांगतं की आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. त्याच जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्य सेवेत पिण्याचं पाणी, स्वच्छता, पोटभर अन्न आणि आरोग्यशिक्षण हेही मोजलं आहे. म्हणून पाड्यावरची विहीर गढूळ असणं हा आरोग्याचाच प्रश्न आहे, ग्रामपंचायतीवर ढकलून मोकळं होण्याचा नाही.

पुढच्या काही वर्षांत ही व्यापक कल्पना बाजूला पडली आणि मुलांची वाढ मोजणं, ओआरएस, (जुलाबातलं मीठ-साखरेचं पाणी), स्तनपान, लसीकरण अशा निवडक कामांवर भर आला. त्यातून जीव वाचले, यात शंका नाही. पण नियोजन वर गेलं आणि लोक फक्त 'लाभार्थी' उरले. भारतात २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यासोबत आशा व गाव समिती आल्या, तेव्हा हा धागा पुन्हा हाती आला. तो गावपातळीवर धरून ठेवणं तुमच्या समितीच्या हातात आहे.

सगळ्या पाड्यांना सारखंच दिलं, तर तो न्याय नाही का?

नाही. गावठाणापासून दोन तास पायवाटेवर असलेल्या पाड्याला आणि दवाखान्याशेजारच्या गल्लीला महिन्यातून एकच लसीकरण सत्र दिलं, तर कागदावर वाटा सारखा दिसतो, प्रत्यक्षात पाडा रिकामा राहतो. शासनाच्या निकषांतच हे मान्य केलेलं आहे. उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक, तर आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० ला एक. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीला ३०,००० ला आणि डोंगराळ भागात २०,००० ला. ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१ साली दाखवून दिलं होतं की जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते. ते वेल्सच्या खाणकामगारांबद्दल बोलत होते. नंदुरबारमधल्या अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्याच्या आतल्या भागात ते पटवून द्यावं लागत नाही.

फसवणूक होते ती सरासरीने. समजा, एका महसुली गावात वर्षापुढची ६० मुलं आहेत. गावठाणातल्या ३५ पैकी ३४, दुसऱ्या पाड्यावरच्या १६ पैकी १५ आणि शेवटच्या पाड्यावरच्या ९ पैकी फक्त ३ मुलांचं लसीकरण पूर्ण आहे. गावाचा आकडा येतो ६० पैकी ५२, म्हणजे जवळपास ८७ टक्के. आढावा बैठकीत कोणी प्रश्न विचारणार नाही. शेवटच्या पाड्यावर मात्र तीनातल्या दोन मुलांचं लसीकरण अपूर्ण आहे, आणि गोवराची साथ आली की तिथेच येणार. म्हणून समितीने पहिली सवय लावून घ्यावी ती ही: कोणताही आकडा पाड्यानिहाय मागायचा. लसीकरण, कमी वजनाची मुलं, घरी झालेली बाळंतपणं, मृत्यू, सगळं. नोंदवहीत पाड्याच्या नावाचा रकाना नसेल तर पेनने आखून घ्या.

आमच्या गावात समिती आहे का, हे कसं कळेल? त्यात कोण असायला हवं?

ग्रामपंचायतीत 'गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती'चं इतिवृत्त आणि बँकेचं पासबुक पाहायला मागा. नुसत्या नावांच्या यादीवर समाधान मानू नका. राष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे किमान १५ सदस्य, त्यांत निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, आणि प्रत्येक वस्तीचं प्रतिनिधित्व अपेक्षित आहे. गडबड याच शेवटच्या अटीत होते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), सेविका, आशा, आरोग्यसेवक अशी पदसिद्ध मंडळी भरली की उरलेल्या जागांवर गावठाणातलीच नावं येतात.

उपाय असा: पाड्यांची यादी करा, प्रत्येकासमोर एका बाईचं आणि एका पुरुषाचं नाव लिहा. नाव पाड्यावरच्या लोकांनी सुचवलेलं असावं, सरपंचांनी नाही. नवीन नावांना ग्रामसभेची मंजुरी घ्या. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती सर्वसाधारणपणे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या क्षेत्रात पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा जाहीर करून घेता येते. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग, धुळ्यातल्या साक्री व शिरपूर आणि जळगावातल्या चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतली काही गावं या क्षेत्रात येतात.

बैठक होते, पण कागदावरच. सह्या घरी येऊन घेतात. काय करावं?

बहुतेक ठिकाणी कारण आळस हे नसतं. वेळ आणि जागा चुकलेली असते. सकाळी ११ ला ग्रामपंचायतीत बैठक ठेवली तर कापूस वेचायला गेलेल्या बाईचा रोज बुडतो. पाड्यावरून येणाऱ्या माणसाचा तर अख्खा दिवस जातो. एकदा आला, त्याचं बोलणं कोणी लिहून घेतलं नाही, की तो पुन्हा येत नाही.

बैठक आठवडे बाजाराच्या दिवशी, बाजार उठायच्या आधी ठेवा, किंवा संध्याकाळी पाड्यावरच घ्या. दर महिन्याला पाडा बदला. विषय तीनच ठेवा: मागच्या वेळी काय ठरलं होतं, या महिन्यात कोण आजारी पडलं किंवा दगावलं, पुढच्या महिन्यात काय करायचं. इतिवृत्त तिथल्या तिथे लिहून मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच सह्या किंवा अंगठे घ्या. प्रत्येक ठरावापुढे नाव आणि तारीख हवी. 'पाणी शुद्धीकरण करण्यात यावे' या वाक्याला काही अर्थ नाही. 'शुक्रवारी सकाळी वरच्या पाड्याच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचं, जबाबदारी जलसुरक्षकाची' असं लिहिलं तर पुढच्या बैठकीत विचारता येतं.

भाषेचंही पाहा. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बायकांसमोर मराठीत लिहिलेलं वाचून दाखवलं तर त्या मान डोलावतात, पण बोलत नाहीत. पाड्यावरच्याच कोणाला तरी दुभाषी म्हणून बसवा आणि त्याने आधी त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारावा. सपाटीवर अहिराणीत बोललं की गाठ लवकर सुटते.

समितीला मिळणारे १०,००० रुपये कशावर खर्च करता येतात?

हा महसुली गावामागे वर्षाला मिळणारा अबंध निधी आहे. म्हणजे कशावर खर्च करायचा ते समिती ठरवते, पण खर्च गावाच्या सामाईक आरोग्याचा हवा. एखाद्या निराधार बाईला किंवा अगदी गरीब कुटुंबाला उपचारासाठी मदत करता येते, सर्रास वाटप करता येत नाही.

चांगले खर्च लहान असतात: पाड्यावरच्या सत्रासाठी ताडपत्री आणि पडदा, म्हणजे गरोदर बाईची तपासणी आडोशाला होईल. विहिरीचा कठडा किंवा हातपंपाभोवतीचा सांडपाण्याचा चर. रुग्णाला उचलून नेण्याच्या झोळीसाठी मजबूत कापड, दोर आणि दोन बॅटऱ्या. रात्री अडलेल्या बाईला रस्त्यापर्यंत आणणाऱ्या वाहनाचं भाडं. वाईट खर्चही ओळखीचे आहेत: फ्लेक्स, कार्यालयासाठी खुर्च्या, आणि मार्चअखेर घाईघाईने एकाच दुकानातून घेतलेलं फिनेल व साबण.

पैसे अडकतात ते तीन जागी. सह्या करणारा सरपंच किंवा सेविका बदलली आणि बँकेत नवा नमुना गेला नाही. खातं व्यवहाराविना पडून निष्क्रिय झालं. मागच्या वर्षीचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला) दिलंच नाही, म्हणून पुढची रक्कम आली नाही. एप्रिलमध्येच पासबुक भरून आणा आणि सध्या कोणाच्या सह्या चालतात ते खात्री करून घ्या.

१०,००० रुपयांत गाव बदलत नाही, हे खरं आहे. मोठं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालावं लागतं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी राखीव असतात, आणि पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी मिळतो. समितीचा ठराव या दोन्हींसाठी ग्रामसभेत मांडा.

विहिरीत टीसीएल किती टाकायचं?

अंदाजाने मूठ-दोन मूठ नको. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास × व्यास × खोली × ०.७८५ × १,००० म्हणजे पाणी किती लिटर. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर सुमारे ३७,७०० लिटर. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम धरली, तर साधारण १९० ग्रॅम लागते.

पावडर आधी थोड्या पाण्यात कालवा, मग बादलीभर पाण्यात ढवळा, १० मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडा आणि वरखाली करा. निदान अर्धा तास, जमल्यास एक तास कोणी पाणी उपसू नये. मग ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरला का ते रंगावरून दाखवणारी) करा. पाण्यात उरलेला क्लोरीन ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) तरी हवा, साथ असेल तर ०.५. पिवळा रंग आलाच नाही, तर बहुधा पावडर जुनी आहे. तोंड उघडं राहिलेल्या किंवा ओल लागलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. अशा वेळी हात सैल सोडून जास्त टाकू नका, नवीन पोतं मागवा. आरोग्य विभाग जलस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. तुमचं कोणतं आहे ते विचारा, आणि पाहणीत पाड्यावरचा झरा धरला होता का तेही.

अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो. त्यांचं काय?

खान्देशातल्या आरोग्याच्या आकड्यांमधलं सगळ्यात मोठं भगदाड हेच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम (टोळीचा ठेकेदार) उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, कोयते (तोडणी करणाऱ्या जोड्या) निघतात, आणि गरोदर बाया, तान्ही मुलं, क्षयाचे रुग्ण सगळे सोबत जातात. नोंदवहीत त्यांच्यापुढे 'स्थलांतरित' लिहिलं की ते हिशोबातून सुटतात.

टोळ्या निघण्याआधी पंधरा दिवस समितीने पाड्यावर एक यादी करावी: कोण जाणार, कुठल्या तालुक्यात, कोणत्या मुकादमासोबत, परत कधी. त्यात गरोदर बाया, दोन वर्षांखालची मुलं, क्षयरोगी आणि सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण वेगळे काढा. गरोदर बाईची आणि बाळाची तपासणी, येऊ घातलेली लस निघण्याआधी उरकून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत द्या. ते देशात कुठेही चालतं, आणि मोफत बाळंतपणाचा हक्क गुजरातच्या सरकारी दवाखान्यातही आहे. क्षयरुग्णाचा निक्षय क्रमांक (सरकारी क्षयरोग नोंदणीतला) कागदावर लिहून द्या, म्हणजे उपचार तिकडे वर्ग होतात. सिकलसेलच्या रुग्णाजवळ त्याचं कार्ड आणि पुरेशी औषधं हवीत. उन्हात पाणी कमी पडलं की वेदनेचे झटके येतात, हे त्याला आणि मुकादमालाही सांगा.

परतीचं वेळापत्रक होळी ठरवते. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात बरीच कुटुंबं पाड्यावर असतात, काही होळीनंतर पुन्हा निघतात. सुटलेल्या मुलांचं लसीकरण आणि दंडघेर मोजणी (कुपोषण ओळखायला दंडाचं माप) त्याच दिवसांत लावा. जिल्ह्याच्या ठरावीक तारखा त्यात बसत नसतील तर प्राथमिक आरोग्य केंद्राला जानेवारीतच लेखी मागणी करा.

दंडघेराची पट्टी समितीचे सदस्य वापरू शकतात का?

हो, अर्ध्या तासात शिकता येते. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून मोजा. पट्टी टेकावी, आवळू नये. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. दोन्ही पावलांवर सूज असेल तर माप काहीही येवो, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. अंगणवाडीत येणारीच मुलं मोजून थांबू नका. ताप असलेलं, खेळायला न येणारं मूल घरीच पडलेलं असतं.

रस्ता नसलेल्या पाड्यावर बाळंतपणाची तयारी कशी करायची?

सातव्या महिन्यातच. घरच्यांसोबत बसून चार गोष्टी लिहा: कोणत्या दवाखान्यात जायचं, झोळी उचलायला कोणती आठ माणसं (चार-चारची पाळी), फोनला रेंज कुठल्या टेकडीवर मिळते, मागे घरातल्या मुलांना कोण सांभाळणार. शेवटचा मुद्दा पुरुष विसरतात, आणि बाई त्याचमुळे निघायला नकार देते. १०८ किंवा १०२ ची गाडी रस्ता संपेल तिथवरच येईल. म्हणून ती कुठे थांबेल हे चालकाला आधीच माहीत हवं. पावसाळ्यात तारीख येत असेल तर काही दिवस आधीच 'माहेरघर' (बाळंतपणाआधी राहण्याची सोय) असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हलवणं सगळ्यात सुरक्षित. नर्मदाकाठच्या गावांत बोटीचं डिझेल कोण भरतो हेही आधी ठरवा.

दाई आणि भगताला (पाड्यावरच्या पारंपरिक वैदूला) या बैठकीला बोलवा. 'दाई सोबत चालेल' म्हटलं की कुटुंब लवकर तयार होतं.

सरकारी दवाखान्यात पैसे मागितले किंवा बाहेरून औषध आणायला सांगितलं तर?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही. बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतचं बाळ यांना जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, रक्त, सिझेरियन, जेवण (साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस), नेणं आणि घरी सोडणं हे सगळं मोफत आहे.

भांडण करू नका, पण चिठ्ठी फेकूही नका. औषधाची चिठ्ठी, दुकानाची पावती, तारीख आणि वेळ जपून ठेवा. समितीच्या पुढच्या बैठकीत नोंदवा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी देऊन पोच घ्या. एकच तक्रार सहज बाजूला पडते, त्याच औषधाच्या पाच चिठ्ठ्या आल्या की साठा कमी पडतो हे सिद्ध होतं. कित्येकदा दोष तिथल्या डॉक्टरचा नसून पुरवठ्याचा असतो, आणि तुमच्या कागदामुळे त्यालाही वर मागणी करता येते.

लोकाधारित देखरेख आणि जनसुनवाई म्हणजे काय?

महाराष्ट्रात ही प्रक्रिया २००७ साली पाच जिल्ह्यांत सुरू झाली आणि नंदुरबार त्यांतला एक होता. समिती ठरावीक प्रश्नांवर गावाकडून माहिती घेते: नर्सबाई पाड्यावर येतात का, औषध मिळतं का, पैसे मागतात का, वागणूक कशी आहे. प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो. हे प्रगतिपत्रक गावात लावलं जातं. गावात न सुटलेले प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा असे वर जातात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडले जातात.

निधी किंवा संस्था नसली तरी पत्रक तुम्ही स्वतः भरू शकता. दोन चुका टाळा. पत्रक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या समोर भरू नका, बायका खरं बोलणार नाहीत. आणि जनसुनवाईत ज्या बाईची तक्रार आहे तिला एकटीला उभं करू नका. तिला उद्या त्याच दवाखान्यात जायचं आहे. पाड्यातर्फे बोला, तारखा आणि चिठ्ठ्या हातात ठेवा, आणि प्रत्येक मुद्द्यावर कोण, कधीपर्यंत करणार हे तिथेच लिहून घ्या.

बैठका घेऊन खरंच मृत्यू कमी होतात का?

होतात, आणि याचे भक्कम पुरावे आहेत. झारखंड-ओडिशातल्या आदिवासीबहुल भागात महिला गटांच्या मासिक बैठकांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी राहिला. बायकांनी चित्रं आणि गोष्टींतून आपल्याच भागातली बाळं का दगावतात ते शोधलं आणि उपाय स्वतः ठरवले. बांगलादेश, भारत, मलावी, नेपाळ इथल्या सात अभ्यासांचा एकत्र आढावा २०१३ साली आला. गरोदर बायांपैकी निदान ३० टक्के जिथे बैठकांना येत होत्या, तिथे नवजात मृत्यू ३३ टक्क्यांनी आणि मातामृत्यू ४९ टक्क्यांनी कमी होते. हजार वस्तीच्या गावात एका वेळी साधारण १५ ते २० गरोदर बाया असतात. त्यातल्या पाच-सहा जणी नियमित येतील इतकं तरी पाहा, आणि त्यात दूरच्या पाड्यावरची एक तरी असू द्या.

हे सगळं आशाताईनेच करायचं का?

नाही. घरी येऊन नवजात बाळ पाहण्याच्या तिच्या भेटी ठरलेल्या आहेत (३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस, घरी बाळंतपण झालं तर पहिला दिवसही), आणि त्या तिच्याशिवाय कोणी करू शकत नाही. इतिवृत्त लिहिणं, ताडपत्री बांधणं, बँकेत जाणं ही कामं बाकीच्यांनी वाटून घ्या.

पाड्यावर बाळ दगावलं तर समितीने काय विचारावं?

आधी आठ-दहा दिवस जाऊ द्या. मग दोन बायकांनी घरी जावं, वही बाहेर न काढता. तीन ठिकाणी किती वेळ गेला ते समजून घ्या: दवाखान्यात न्यायचं हे ठरायला, तिथे पोहोचायला, आणि पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला. 'कोणाची चूक' हा प्रश्न विचारलात तर आईकडेच बोट जातं आणि पुढच्या वेळी घर गप्प राहतं. तिन्ही ठिकाणचा वेळ कळला की त्यातला सगळ्यात मोठा कोणता, तेवढंच पुढच्या बैठकीत नाव न घेता मांडा. आणि जन्म व मृत्यू, दोन्हींची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा. या मुदतीत शुल्क लागत नाही. पाड्यावर जन्मून दोन दिवसांत गेलेल्या बाळाची बहुतेक वेळा कुठलीच नोंद होत नाही, ना जन्माची, ना मृत्यूची. वहीत त्याचं नाव नसेल तर 'पाड्याचं बाळ', आईचं नाव आणि तारीख एवढं लिहिलं तरी चालेल.